नागपूरची थंडी उघड्यावर घालवायची तर: जगरा, रोडगे, सोले, संत्री आणि तलावावरची पाखरं

निंबाचा_पार (धागा सुरू)

नागपुरात थंडी येते उशिरा आणि जाते लवकर. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री गार व्हायला लागतात, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० ते १३ अंशांत खेळतो आणि फेब्रुवारी अर्धा सरला की दुपारी पुन्हा पंखा. खऱ्या थंडीचे हाताशी जेमतेम आठ-नऊ आठवडे. पण या आठवड्यांत शेतात दर पंधरा दिवसांनी नवीन काहीतरी तयार असतं, आणि ते तेवढ्याच दिवसांत खायचं, बघायचं असतं. म्हणून हा धागा. ज्याला जे नीट येतं त्याने ते मापासकट लिहावं. 'छान मजा येते' एवढंच लिहून कोणाची पार्टी होत नाही.

सुरुवात रोडग्यांपासून, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांपासून. चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. चातुर्मासात वांगी न खाणाऱ्या घरांत तेव्हापासून वांगी मोकळी होतात. शेतातल्या पार्ट्यांचा जोरही तिथूनच.

माप २० माणसांचं देतो. गहू जाडसर दळून आणायचा, ४ किलो. चक्कीवाल्याला 'रोडग्याचं' म्हटलं की त्याला कळतं. हाताला रवाळ लागलं पाहिजे, पण लाडवाच्या पिठापेक्षा बारीक. दुकानातलं पोळ्यांचं पीठच असेल तर ३ किलो पीठ आणि १ किलो जाड रवा. त्यात तेलाचं मोहन ४०० मिली, मीठ ६० ग्रॅम, दोन मोठे चमचे ओवा हातावर चोळून, एक चमचा हळद. पाणी पावणेदोन लिटरच्या आसपास, पण एकदम ओतायचं नाही. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवायचं आणि ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवायचं. सोडा घालू नये. खुसखुशीतपणा मोहनातून येतो, सोड्याने नुसते तडे जातात.

दीडशे ग्रॅमचा एक गोळा धरला तर ४० रोडगे होतात, माणशी दोन. गोळ्याचे चार भाग करून तीन छोट्या पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवायच्या, चौथा भाग मोठा लाटून त्यात ही चळत बांधायची आणि तोंड चिमटून बंद करायचं. तोंड नीट मिटलं नाही तर राख आत शिरते, मग खाताना दाताखाली कचकच. भाजल्यावर फोडला की पदर सुटे होतात, आतपर्यंत शिजल्याची तीच खूण.

ओलीत_कोरडवाहू

पिठावर छान लिहिलंत, पण रोडगे बिघडतात ते जगऱ्यात, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात. त्यावर सविस्तर लिहितो.

४० रोडग्यांना मध्यम आकाराच्या ५० ते ६० गोवऱ्या लागतात. पूर्ण वाळलेल्या हव्यात. दोन बोटांत धरून मोडली की कडक आवाज होऊन तुटली पाहिजे, वाकली तर ओली आहे. ओली गोवरी धुपते आणि तो वास रोडग्यात उतरतो. जमीन आधी साफ करून घ्या, चारी बाजूंनी निदान १० फूट वाळलं गवत, कुटार (भुसा), तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) काहीही नको. या दिवसांत शेजारच्या वावरात तूर वाळून उभी असते, एक ठिणगी पुरे. पाण्याच्या दोन बादल्या भरून जवळ ठेवा, नंतर शोधायला जाऊ नका.

गोवऱ्या उभ्या, एकमेकींना टेकवून गोल रचायच्या, मध्ये हवेला जागा सोडून. मधोमध तुराट्यांची मूठ पेटवायची. पऱ्हाट्याही (कापसाच्या वाळल्या काड्या) भराभर पेटतात, पण कापसावर फवारे जास्त बसतात, म्हणून जिथे अन्न थेट निखाऱ्यात जाणार तिथे मी त्या वापरू नका म्हणतो. चुलीखाली चालतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाळ असताना रोडगे टाकायचे नाहीत. गोवऱ्या पेटल्यापासून ४० ते ५० मिनिटं लागतात. जाळ बसतो, धूर थांबतो, वरून करडी साय धरते आणि काडीने उकरलं तर आत लाल दिसतं. मग निखारे फोडून पसरायचे, चार बोटं जाडीचा थर, त्यावर रोडगे. दर पाच-सात मिनिटांनी चिमट्याने फिरवायचे. २५-३० मिनिटांत सगळ्या बाजूंना तांबूस डाग पडले आणि एक-दोन ठिकाणी तडकले की निखारे बाजूला सारून त्यांना गरम राखेत पुरायचं, आणखी १५ मिनिटं. आतला गोळा या राखेतच शिजतो. लोक हीच पायरी गाळतात आणि वरून काळा, आत कच्चा असा रोडगा पानात येतो.

झाले की जुन्या धोतराच्या किंवा गोणपाटाच्या झोळीत दहा-बारा एकदम टाकून दोघांनी दोन टोकं धरून हलवायचे. राख झडते. मग फडक्याने पुसून, मधोमध फोडून तूप. गार झाल्यावर तूप सोडलं तर ते वरच राहतं.

गंजभर_वरण

रोडग्याची खरी कसोटी वांग्याच्या भाजीत. २० माणसांना ५ किलो वांगी, दीड किलो बटाटे, किलोभर कांदे, पाऊण किलो टमाटे, सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) दोन मोठ्या जुड्या, सोललेला लसूण पाव किलो, अदरक १०० ग्रॅम. तेल ६०० मिली, कमी करू नका. वाटणाला सुकं खोबरं २०० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, तिन्ही वेगवेगळे भाजून. एकत्र भाजले की खसखस जळते आणि खोबरं कच्चं राहतं.

वांगी घेताना हातात दोन सारख्या आकाराची धरून बघा, जे हलकं ते घ्या. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात आणि पाच किलोत दोन जून वांगी गेली तरी रस्सा कडवट होतो. देठ हिरवा, साल ताणलेली. चिरली की लगेच मिठाच्या पाण्यात.

गंज (मोठं पातेलं) चुलीवर चढवायच्या आधी बाहेरून बुडाला ओल्या मातीचा पातळ लेप द्या. काजळी मातीवर बसते, नंतर पाण्याच्या एका हाताने निघते. चुलीला बाभळीचं लाकूड सगळ्यात चांगलं, त्याचे निखारे टिकतात. कडुनिंबाचं नको, धूर कडू असतो आणि डोळ्यांना झोंबतो.

तेल तापलं की मोहरी-जिरं, मग कांदा लाल होईस्तोवर. लसूण-अदरक, वाटण, तेल सुटू द्या. तिखट घालताना गंज आचेवरून जरा बाजूला घ्या, नाहीतर करपून रंग काळा होतो. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर आधी तीन मोठे चमचे, चव पाहून वाढवा. पहिल्यांदा बटाटे, दहा मिनिटांनी वांगी, वांगी बसली की टमाटे आणि दीड लिटर उकळतं पाणी. गार पाणी घातलं की तवंग मोडतो. वांग्याला स्वतःचं पाणी सुटतं, तेव्हा रस्सा सुरुवातीला घट्टच ठेवा.

वरणाला तुरीची डाळ सव्वा किलो, लसणाची फोडणी, आणि ते पातळच हवं. कुस्करलेला रोडगा वरण पितो, घट्ट वरणाचा पानात गोळा होतो. तूप किलोभर आणा. उरलं तर घरी जाईल, कमी पडलं तर कोणी विसरत नाही.

नवी_वस्ती

पुण्याहून इथे बदली झाली आहे. आमच्याकडे हुरडा पार्टी म्हणजे हिवाळा. नागपूरकडे हुरडा मिळतो का? आणि रोडगे-पानगे एकच का?

ओलीत_कोरडवाहू

ताई, मिळतो, पण तिकडच्यासारखा जागोजागी नाही. इकडे कापूस, सोयाबीन, तुरीने ज्वारीची जागा घेतली. ज्यांच्याकडे रब्बी ज्वारी आहे त्यांना आधी विचारून ठेवावं लागतं. हुरड्याला गूळभेंडी, सुरती असे गोड, मळणीला सुटणारे वाण लागतात. कोणत्याही ज्वारीचा हुरडा होत नाही, कोंडा दाण्याला चिकटून राहतो. एका शेतात तो आठ-दहा दिवसच चालतो. नखाने दाणा दाबायचा. पातळ दूध आलं तर चार दिवस थांबा, घट्ट चीक आला तर आजच, पीठ निघालं तर गेला.

इथे त्या जागी सोले आहेत. हिरव्या तुरीच्या शेंगा सोलून निघालेले दाणे म्हणजे सोले. दोन किलो शेंगांतून किलोला जरा कमी मिळतात. किलोभर तांदळाच्या सोलेभाताला पाऊण किलो सोले घ्या. आधी तेलावर दोन-तीन मिनिटं परतून मगच तांदूळ, नाहीतर सालीचा हिरवट वास राहतो. किंवा अख्ख्या शेंगा मिठाच्या पाण्यात २० मिनिटं उकडून नुसत्या खा. शेंगा निबर व्हायच्या आत हे करून घ्या.

जानेवारीत हरभऱ्याचा हुळा. डहाळे नुसते जाळावर धरून फिरवायचे, घाटे काळे पडले की हातावर चोळायचे. पण शेतमालकाला आधी विचारा की शेवटची फवारणी कधी झाली. घाटेअळीसाठी याच दिवसांत औषध मारतात. फवारा नुकताच झाला असेल तर सरळ दुसरं शेत पाहा. दाणा धुऊन भागत नाही.

पानगा वेगळा. पळसाच्या दोन पानांमध्ये अर्धा इंच जाडीचा कणकेचा थापा दाबून निखाऱ्यावर, वरूनही थोडे निखारे. पदर नसतात, त्यामुळे १५-२० मिनिटांत होतो. पळसाची पानं झडायच्या आत, म्हणजे जानेवारीपर्यंत, करून घ्या.

हवापाणी

वेळेबद्दल लिहितो, कारण अर्ध्या पार्ट्या धुराने बिघडतात.

निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडते आणि पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. गार हवा जड, ती वर चढत नाही. अशा वेळी सकाळी ७ ला जगरा पेटवला तर धूर कमरेएवढ्या उंचीवर आडवा पसरतो आणि तिथेच राहतो. उन्हाने जमीन तापली की साधारण साडेनऊ-दहाला हा थर मोडतो आणि धूर सरळ वर जातो. म्हणून १० ला पेटवा, पावणेअकराच्या सुमारास निखारे तयार, १२ च्या आसपास पहिली पंगत. संध्याकाळचा बेत असेल तर जाळ साडेपाचच्या आत संपलेला हवा.

थंडी नेमकी कधी वाढणार हे आकाशावरून कळतं. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढगाळ, पावसाळी हवा) आला की इथे ढग येतात. ढगांमुळे रात्रीची उष्णता अडते, पारा उलट चढतो, कधी पाऊसही होतो. जानेवारी-फेब्रुवारीत विदर्भात गारपीटही होते. तो सरकला, आकाश स्वच्छ झालं आणि उत्तरेचा वारा सुटला की पुढच्या दोन-तीन रात्री कडाक्याच्या. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. शेकोटीचा बेत ढग हटल्यावरच्या पहिल्या स्वच्छ रात्री ठेवा.

एक गंमत पाहा. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सूर्य सगळ्यात लवकर मावळतो नोव्हेंबरच्या शेवटी, साडेपाचच्या सुमारास. आणि सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्यात, सातला सहा-सात मिनिटं कमी असताना. संक्रांतीला संध्याकाळ लांबलेली जाणवते, सकाळ मात्र अजून काळोखी. पहाटे पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी हे धरून चालावं.

कपड्यांचं थोडक्यात: पहाटे १० अंश आणि दुपारी २८, म्हणजे एक जाड स्वेटर निरुपयोगी. आत सुती, वर पातळ लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. दुचाकीवर कान आणि छाती झाकली की पुरे.

पाणवठा

पाखरांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. शहरात अंबाझरी आणि गोरेवाडा, बाहेर सायकी, पारडगाव. वर्दळ कमी म्हणून बाहेरचे तलाव बरे.

काय शोधायचं ते आधी ठरवा. थापट्या लगेच ओळखू येतो, चोच पुढे चमच्यासारखी चपटी आणि पाण्यात मान घालून सतत चाळत असतो. तलवार बदकाची शेपटी लांब टोकदार. चक्रवाक नारिंगी-बदामी, बहुतेक जोडीने, पाण्यापेक्षा काठावर जास्त. पट्टकादंब हंसाच्या डोक्यावर मागून दोन काळे आडवे पट्टे, ते दिवसा काठावर किंवा बेटावर विश्रांती घेतात आणि चरायला शेतात उतरतात. वारकरी पाहून 'स्थलांतरित बदकं' लिहू नका, काळं अंग आणि पांढरी चोच असलेला तो बदक नव्हे, पाणकोंबड्यांच्या कुळातला.

सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभं राहायचं. पश्चिम काठावरून सगळी पाखरं काळी सावली दिसतात, रंग कळत नाही. दुर्बीण ८×४२ ची घ्या. १० पटीची हातात हलते आणि गार हाताने जास्तच. थवा मान वर करून एकाच दिशेने पाहायला लागला की तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथेच थांबा. उडवून फोटो काढू नका. त्यांना परतीच्या लांब प्रवासासाठी चरबी साठवायची असते, एकेक उड्डाण त्यातूनच जातं.

काटोल_नाका

संत्र्यांवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बाजारात आत्ता दिसतात ती आंबिया बहाराची. फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहाराची फुलं जून-जुलैत, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाचं गोड, आंबियाचं जरा आंबटसर आणि साल ढिली. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थाही अमरावती रोडवर इथेच आहे.

सालीचा रंग पाहून फसू नका. केशरी रंग रात्रीच्या गारव्याने चढतो, गोडी पिकण्याने. थंडी उशिरा आली तर हिरवट फळही आत तयार असतं. हातात वजनदार लागलं पाहिजे. साल फुगून आत पोकळ वाजत असेल तर रस आटलेला.

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे बागेत जाणार असाल तर फळ ओढून तोडू नका. ओढलं की देठाजवळची साल फाटते आणि तिथून दोन दिवसांत बुरशी धरते. कात्रीने देठ फळाला टेकून कापायचा, लांब ठेवलेला देठ पेटीत दुसऱ्या फळाला टोचतो. आणि डिसेंबरात आंबियाच्या बागेला ताण दिलेला असतो, म्हणजे फूट यावी म्हणून पाणी तोडलेलं. पानं मलूल पाहून 'झाडं सुकली' म्हणत बादल्या ओतू नका. वेळेआधी पाणी मिळालं की फुलांऐवजी पालवी फुटते आणि मालकाचं वर्ष जातं.

चक्री_धर

पतंगांसाठी जुनी शुक्रवारी आहेच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ ला देशभर बंदी घातली. कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. तो तुटत नाही, म्हणूनच दुचाकीवाल्याची मान आणि पाखराचा पंख कापतो. साधा सुती धागा घ्या.

कण्णीत बहुतेकांचं चुकतं. वरचं टोक उभ्या आणि वाकलेल्या कामटीच्या चौकात, खालचं उभ्या कामटीच्या खालच्या तिसऱ्या भागात. हलक्या वाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या. वारा वाढला की खालची बाजू एक बोट लांब करा, पतंग वाऱ्याला कमी आडवा होतो आणि कामटी मोडत नाही. संक्रांतीला वारा साधारण दहानंतर सुरू होतो आणि सूर्य कलला की पडतो. पहाटे सातला गच्चीवर जाऊन धावपळ करण्यात अर्थ नाही. पाखरं पहाटे आणि संध्याकाळी थव्याने उडतात, त्या वेळी पतंग खाली असलेलाच बरा.

निंबाचा_पार

सगळ्यांनी भरभरून लिहिलं. पुढच्या महिन्यांचं थोडं मी जोडतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, सोले, गाजर, वांगी, बोरं घातलेली मिसळीची भाजी. ही भाजी त्या आठवड्यात शेतात जे जे असतं त्याची यादीच असते. जानेवारीअखेर आंब्याला मोहर. काटेसावर पानं झाडून लाल फुलते, तिच्याखाली अर्धा तास थांबलात तर मैना, बुलबुल, शिंजीर आणि कावळे सगळे हजेरी लावून जातात. मग पळस, त्याचा भर फेब्रुवारीअखेर ते मार्च. रामटेक, पेंचच्या रस्त्याला तो दुतर्फा दिसतो. होळीच्या रंगासाठी गळून पडलेलीच फुलं वेचा. किलोभर फुलं चार-पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी उकळा, केशरी-पिवळा रंग उतरतो.

जंगलात मात्र जगरा, शेकोटी काहीही नाही. राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे, आणि या दिवसांत सागाची वाळली पानं जमिनीवर थराने असतात.

नवी_वस्ती

शेत नाही, ओळखीचं कोणी नाही. अपार्टमेंटच्या गच्चीवर रोडगे करता येतील का? दहा माणसं.

ओलीत_कोरडवाहू

येतील, पण स्लॅबवर थेट जगरा नाही. उष्णतेने गिलावा फुटतो आणि वॉटरप्रूफिंग जातं, मग पावसाळ्यात खालच्या घरात पाणी. दोन मोठी लोखंडी घमेली घ्या. खाली विटांचे दोन थर, त्यावर घमेलं, तळाशी तीन बोटं कोरडी वाळू. २० रोडग्यांना प्रत्येक घमेल्यात १४-१५ गोवऱ्या. घमेल्यात खालून हवा मिळत नाही, म्हणून निखारे व्हायला पाऊण तासाऐवजी तास धरा. पंख्याने हवा घालू नका, राख शेजारच्या वाळवणावर जाते.

सोसायटीला आदल्या दिवशी सांगा. शहरात पालापाचोळा, कचरा जाळायला मनाई आहे, तेव्हा पेटवायलाही तुराट्या किंवा कापूर, प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. जिन्याचं दार, बंद खोली, शेडखाली करू नका. निखारे लाल असताना धूर दिसत नसला तरी विषारी वायू सुटतच असतो. आणि संपल्यावर राख लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. गोवरीची राख वरून गार लागते, आत निखारा सकाळपर्यंत राहतो. घमेल्यात पाणी मारून, काडीने ढवळून, दुसऱ्या दिवशी कुंड्यांना थोडी थोडी द्या. एका कुंडीला मूठभर पुरे, जास्त झाली की माती खारते.

गोवऱ्या आत्ताच आणून ठेवा. जानेवारीत ढग आले की वाळलेल्या मिळत नाहीत.